संपण्याआधीचं आमेन

आमेन म्हणायची घाई झाली आणि सकाळी आठला आठ मिनिटं कमी असताना त्या घरातली प्रार्थना मधोमध तुटली. तुटली हे आईला लगेच कळलंही नाही. घराबाहेर पडताना दाराच्या कडीवर एकावर एक हात ठेवून प्रार्थना करायची, ही तिच्या आईपासून चालत आलेली रीत. आधी मोठ्यांनी, मग लहानांनी, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून आमेन. त्या सकाळी सर्वांत खाली आईचा हात होता, त्यावर सात वर्षांच्या चिमटीचा, आणि सगळ्यांच्या वर दोन वर्षांच्या धाकट्याचा, जॅमने चिकट झालेला. आईचं नेहमीप्रमाणे एका दमात उरकलं. चिमटीचं मात्र सावकाश असायचं. जन्मली तेव्हा चिमटीत मावेल एवढी होती म्हणून बापाने तिला हे नाव ठेवलं, पण तिच्या प्रार्थना चिमटीत मावणाऱ्या नव्हत्या. त्यांत लांब पुलाच्या कामावर गेलेले बाबा असत, शेजारच्या मावशींचा गुडघा असे, जिन्यातला न लागणारा दिवा असे. त्या दिवशी हे सगळं होऊन ती म्हणाली, "आणि प्रभू, एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाहीये, ती अशी की..." आणि इथे तिने श्वास घेतला. आई तेव्हा मोकळ्या हाताने पिशवीत किल्ली चाचपत होती. किल्ली सापडली, आणि सापडल्याच्या भरात ती म्हणाली, "आमेन. चला, चला, चला."

"माझं संपलं नव्हतं," चिमटी म्हणाली.

"संध्याकाळी कर हं पुढचं. बूट घाल."

"संध्याकाळी नाही. आता कधीच नाही." ती रागावली असती तर बरं झालं असतं. राग आईच्या सवयीचा होता. नाकाचा शेंडा लाल व्हायचा आणि दहा मिनिटांत उतरायचा. हे तसं नव्हतं. ती बुटाचे बंद बांधत होती, गाठ नीट बसली की नाही ते बघत होती, आणि बोलत होती शांतपणे. "मी फोनवर बोलत होते आणि तू मधेच ठेवून दिलास."

धाकट्याला काखोटीला मारून आई जिना उतरू लागली. दहा पायऱ्या उतरेपर्यंत तिला उत्तर सुचलं, आणि उत्तर चांगलंच होतं असं तिला वाटलं. "अगं, आपण आमेन म्हटलं म्हणून देव काय ऐकायचं थांबतो?"

"मला नाही माहीत," चिमटी म्हणाली. "तुला माहीत आहे?"

एवढंच. आई तोंड उघडून तशीच एका पायरीवर उभी राहिली. सत्तर वेळा, सातशे वेळा दिलेलं उत्तर जिभेवर असायला हवं होतं, ते नव्हतं. रोज ज्या खिशात हात घालावा तो खिसाच नसावा, तसं काहीतरी झालं. संडे स्कूलमध्ये ती स्वतः दोन वर्षं शिकवत होती, धाकटा पोटात असेपर्यंत. पाळकांच्या घरी तिच्या प्रार्थनेचं कौतुक व्हायचं. नवऱ्याने मागणी घातली तीही तिला गाताना ऐकून. आणि आता जिन्याच्या अकराव्या पायरीवर, काखेत पोर आणि खांद्याला पिशवी अशा अवस्थेत, तिला कळेना की आपल्याला माहीत आहे की नाही. शेवटचं कधी माहीत होतं? तेवढ्यात फोन थरथरला. शाळेचा निरोप: पाण्याचा नळ फुटून वर्गांत पाणी शिरलंय, आज सुट्टी. धाकटा नेहमीप्रमाणे शेजारच्या मावशींकडे गेला. दोघांना सांभाळणं मावशींच्या गुडघ्याला झेपणारं नव्हतं, म्हणून चिमटी आईबरोबर निघाली, इस्पितळात, कामावर. रस्ताभर ती बडबडली. कुत्रा दाखवला, फुटक्या फरशा मोजल्या, फक्त तोंडात देवाचं नाव नाही. एरवी रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या त्या वाकड्या झाडापाशी ती हटकून म्हणायची, "थँक्यू प्रभू, अजून पडलं नाही." आज झाडाकडे बघितलं आणि पुढे गेली. नजर झाडावरच ठेवून आई म्हणाली, "पडलं नाही बघ अजून." चिमटी म्हणाली, "दिसतंय मला."

आईचं काम कान तपासायचं. इस्पितळाच्या तळमजल्यावर, मागच्या अंगाला तिची खोली होती, आणि खोलीत आणखी एक खोली, जाड भिंतींची, दोन दारांची, आवाज आत येऊ न देणारी. तिला सगळे कपाट म्हणत. कपाटात एक खुर्ची, कानाला लावायचे हेडफोन आणि हातात धरायचं एक बटण. आई बाहेर काचेच्या खिडकीपाशी यंत्रासमोर बसायची, बारीक बारीक आवाज आत पाठवायची, आणि आतल्या माणसाने बटण दाबलं की बाहेर तिच्यासमोर छोटा दिवा लागायचा. अकरा वर्षं ती हे करत होती. तिचं वाक्य ठरलेलं होतं: "ऐकू आलं की दाबा. अगदी बारीक आलं, आलंसं वाटलं, तरी दाबा. पण उगीच दाबू नका." हे वाक्य ती म्हणे तेव्हा तिचं मन दुसरीकडेच असे, धाकट्याच्या खोकल्यात किंवा संपत आलेल्या साबणात. तिच्या आईचं असं नव्हतं. तिची आई शिवणकाम करायची, दिवसभर. घरात मशीनची घरघर इतकी मुरलेली की ती ऐकूच यायची नाही. ऐकू यायचं ते मशीन थांबलेलं. दुपारी कधीतरी, ठरावीक वेळ नाही, एखादी बाही जोडताजोडता ती पाय थांबवायची. चाक आणखी दोन वेळा फिरून गप्प व्हायचं. आणि मग त्या खोलीत जे काही यायचं, ते यायचंच. पाटी घेऊन बसलेली लहान मुलगी पाटीवरून डोकं वर करायची. आई डोळे मिटून बसलेली असे, तोंडात टाचण्या, ओठ हलत नसत. कुणी शब्द बोलत नसे, तरी पोरीला वाटायचं, खोलीत तिसरं कुणीतरी आहे आणि ते घाईत नाही. मग टाचण्या तोंडातून निघायच्या, आई "आमेन" म्हणायची, मशीन सुरू. मोठी झाल्यावर मुलीने शब्दांची प्रार्थना शिकली, चांगली शिकली, लोकांनी वाहवा केली. पण मशीन थांबल्यावर जे यायचं ते त्या शब्दांत कधी आलं होतं का, हे तिने तपासलं नव्हतं. इतके कान तपासले, हे तेवढं राहून गेलं.

पहिले आले ते सुतारकाका. साठीचे, मिशीत भुसा, चाळीस वर्षं करवतीच्या आवाजात घालवलेली. चिमटीला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं होतं, आईने आधीच काकांना विचारलं, पोर इथे बसली तर चालेल ना, आणि काका म्हणाले, "बसू दे की. मला कुठे ऐकू येणार आहे तिचं!" काका आत गेले, दारं बंद झाली, आवाज सुरू झाले. दिवा लागला, नाही लागला, पुन्हा लागला. मग आईने बोट उचललं, आवाज मुद्दाम थांबवला, आणि दिवा तरीही लागला. पुन्हा लागला. ओळीने तीनदा. आईने माईकचं बटण दाबून म्हटलं, "काका, मी काही वाजवलंच नाही हो."

"नाही?" आतून काकांचा आवाज आला, लहान मुलासारखा पडेल. "मला वाटलं आला असेल. एवढा वेळ झाला म्हटल्यावर यायला हवा होता."

आई हसली. त्या सकाळी ते करवतीवरून उठून थेट आले होते, तेव्हा कान थोडे शांत होऊ देत, जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा बघू, असं सांगून तिने त्यांना बाहेर बाकावर बसवलं. वळून बघते तर चिमटीचा चेहरा उतरलेला.

"ते खोटं दाबत होते?"

"खोटं म्हणजे... हो. आवाज नसताना दाबत होते."

"मग तू त्यांना काय करणार?"

"काय करायचंय? ती दाबणी मी मोजत नाही. झालं."

"रागावत नाहीस?"

एरवी या प्रश्नावर आईने पाणी पीत पीत काहीतरी म्हटलं असतं आणि पुढचा कागद ओढला असता. पण त्या सकाळी जिन्याच्या अकराव्या पायरीपासून तिच्या आत काहीतरी जागं होतं. ती थांबली. "नाही रागावत," ती म्हणाली. "माणसाला ऐकू यावंसं फार वाटत असतं ना, म्हणून तो दाबतो. ज्याला काही पडलेलं नसतं तो उगीच दाबत नाही." चिमटीने हे नुसतं ऐकलं नाही, साठवून ठेवलं. तिच्या भुवया एकमेकींजवळ आल्या, आणि ती पेन्सिलीच्या पेटीचं झाकण उघड-बंद करत राहिली. आत काहीतरी होतं ते बघायचं आणि पुन्हा झाकायचं, असं चाललं होतं.

अकरा वाजता ते जोडपं आलं आणि आईच्या हातातलं पेन थबकलं. सोळा दिवसांचं बाळ. बाळ जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी तिनेच तपासलं होतं, आणि निकालात लिहिलं होतं: पुन्हा तपासावं. हे तिला आठवत होतं आणि आठवू नये असंही वाटत होतं, कारण त्या दिवशी बाळ चुळबुळत होतं, तपासणीला शांत बाळ लागतं, पाच मिनिटं थांबून ते झोपलं असतं, पण पाच मिनिटं नव्हती. धाकट्याला ताप आल्याचा मावशींचा फोन येऊन गेला होता. तिने बाळाच्या कानातली तपासणीची सळी काढली, कागद भरला आणि पळाली. पुन्हा तपासावं. दोन शब्द. त्या दोन शब्दांवर ही दोन माणसं चौदा दिवस जगली होती. बाईचे डोळे खोल गेलेले. नवरा तिच्याकडे न बघता म्हणाला, "आम्ही घरी ताटं आपटून बघितली. कधी दचकतो, कधी नाही. शेवटी शेवटी आम्हीच दचकायला लागलो." आणि तो हसायला गेला, पण जमलं नाही.

"आज घाई नाही," आई म्हणाली. हे तिने त्यांना सांगितलं की स्वतःला, कोण जाणे. दार लावून घेतलं, फोन उताणा होता तो पालथा केला. बाळाची आई खुर्चीत बसली, बाळ छातीशी. चिमटी स्टुलावर. सगळे गप्प झाले आणि बाळाने नेमकं तेव्हाच रडायला घेतलं. आई थांबली. पाजून झालं, ढेकर झाली, पुन्हा रडणं झालं. वीस मिनिटं गेली. बाहेर कुणीतरी दार वाजवून गेलं. मग बाळाची मूठ उघडी पडली, एक एक बोट सैल होत गेलं, आणि आईने मऊ रबराचं टोक असलेली ती बारीक सळी त्याच्या कानात अलगद बसवली. पडदा उजळला.

"आता काय होणार?" चिमटीने श्वासाच्या आवाजात विचारलं.

"सळीतून बारीक टिकटिक आत जाणार. आणि कान चांगला असला, तर तो उत्तर देणार."

"बाळ?"

"बाळ नाही. बाळ झोपलंय. कान."

"कान बोलतो?"

आईला या क्षणी काय झालं ते नीट सांगता येणार नाही. अकरा वर्षं तिने हे वाक्य शेकडो आईबापांना सांगितलं होतं: कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा भाग असतो, त्यात केसाहून बारीक तंतू, आवाज पोचला की ते थरथरतात आणि त्यांचा स्वतःचा एक आवाज उलट बाहेर येतो, इतका बारीक की ज्याचा कान त्यालाही ऐकू येत नाही; फक्त शांत खोलीत, सळीतल्या माईकला येतो. सांगून सांगून गुळगुळीत झालेलं वाक्य. पण "कान बोलतो?" असं कुणी विचारलं नव्हतं. किंवा एकदाच विचारलं होतं, तिने स्वतःच, कॉलेजात. स्वतःच्या कानात सळी घालून पडद्यावर पहिल्यांदा आपल्याच कानाचं उत्तर बघितलं तेव्हा ती तीन मजले धावत खाली गेली होती, आणि कुणाला सांगावं कळेना म्हणून फाटकावरच्या पहारेकऱ्याला सांगितलं होतं, "काका, तुमच्या कानातून आवाज येतो, माहीत आहे?" त्याने घाबरून कानात बोट घातलं होतं. त्या दुपारी वसतिगृहाच्या खाटेवर ती कितीतरी वेळ पडून होती आणि तिला वाटत होतं, घडवणाऱ्याने हे का केलं असेल? ऐकायला नुसतं भोक पुरलं असतं. त्याने ऐकणाराही उत्तर देणारा केला, आणि ते इतकं गुपचूप, की शोधणाऱ्यालाच सापडावं. ती हसत होती एकटीच. तीही प्रार्थनाच होती की, आज तिला वाटलं, एकही शब्द नसलेली. मग मी ती कुठे टाकून आले? कोणत्या पिशवीत, कोणत्या किल्ल्यांखाली?

पडद्यावर पहिला खांब उठला. बुटका, हिरवा. मग दुसरा. तिसऱ्याला वेळ लागला; बाळाच्या बापाने खुर्चीची कड इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी झाली. आई थांबली. सळीला हात लावला नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. तिसरा उठला. चौथा तर असा ताडकन उठला की चिमटी स्टुलावरून खाली पडली आणि पडल्यापडल्याच ओरडली, "बोलला! आई, बोलला! झोपेत बोलला!"

बाळ जागं होऊन रडायला लागलं, आणि मग कुणाला कशाचीच पर्वा राहिली नाही. "म्हणजे येतं ऐकू?" बाप विचारत होता, एकदा, दोनदा, पाचदा, आणि आई दर वेळी म्हणत होती, "येतं. येतं. अहो, येतं!" दुसऱ्या कानानेही उत्तर दिलं. बाळाची आई रडत होती आणि मधेच हसत होती, आणि त्या रडणाऱ्या बाळाला म्हणत होती, "लबाडा, आईला किती छळलंस!" त्यावर आई म्हणाली, "त्याने नाही, मी छळलं. त्या दिवशी मी थांबायला हवं होतं. मी घाई केली." हे ती बोलून गेली आणि तिलाच नवल वाटलं, इस्पितळात असं कुणी बोलत नाही. त्या बाईने तिच्याकडे बघितलं, रागाने बघितलं क्षणभर, तो राग तिचा हक्कच होता, मग बाळाचं टोपडं नीट करत ती म्हणाली, "आज थांबलात ना." जोडपं गेलं. चिमटी खोलीभर नाचत होती. सुतारकाकांनाही कान बोलतो का? धाकट्याला? झाडाला कान नसतो पण असता तर? मला बघायचंय माझा! आईने तिच्या कानात सळी घातली, आणि तिच्या कानाने असं घसघशीत उत्तर दिलं की पडदा हिरवा झाला. चिमटी तोंडाचा चंबू करून बघत राहिली. "पण मला तर काहीच ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "आई, मला ऐकू नाही आलं तरी तो बोलत होता?"

"हो."

"खरंच बोलत होता? तू उगीच म्हणत नाहीस?"

"हे बघ ना, समोर आहे."

चिमटीने पेन्सिलीच्या पेटीचं झाकण पुन्हा उघडलं आणि मिटलं. आईला सकाळचा जिना आठवत होता, आणि इतक्या दिवसांनी इतकं उचंबळून आलं होतं की त्याचं काय करावं ते कळत नव्हतं. आत्ताच पोरीला जवळ घ्यावं, आत्ताच सांगावं सगळं, की बघ, असा आहे तो! पण बोलायला गेलं की पुन्हा शब्द, पुन्हा आपलंच, पुन्हा तिचं तोडून. तिने जीभ दातांखाली धरली. हे तिला फार जड गेलं.

जेवणाची सुट्टी झाली. डबा अर्धा खाऊन झाल्यावर चिमटीने फर्मान काढलं, "आता तू कपाटात बस. मी तुला तपासते." यंत्राला मुलांनी हात लावायचा नाही, हा नियम आईनेच भिंतीवर लिहून लावला होता. तिने नियमाकडे पाठ केली, आवाज अगदी खाली आणून ठेवला, एकच बटण दाखवलं, "फक्त हे. आणि बोलायचं असेल तर हे," आणि आत जाऊन बसली. चिमटी खुर्चीवर गुडघे टेकून खिडकीत उभी राहिली आणि आईच्याच आवाजात, आईच्याच घाईने म्हणाली, "ऐकू आलं की दाबा. अगदी बारीक आलं, आलंसं वाटलं, तरी दाबा. उगीच दाबू नका. दाबलं तरी मी रागावणार नाही." शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं होतं. दारं बंद झाली.

अकरा वर्षांत आई त्या खुर्चीत कधी बसली नव्हती. शांतता कानांवर हळूच चढत गेली. आधी आपला श्वास, मग आपलं रक्त, मग तेही मागे. एक बारीक शीळ आली, तिने बटण दाबलं. काचेपलीकडे चिमटीने दोन्ही हात वर करून आनंद व्यक्त केला. दुसरी शीळ. तिसरी. मग काहीच येईना. आईने डोळे उघडले. चिमटी यंत्राकडे बघत नव्हती, तिचं डोकं खाली होतं आणि बोट माईकच्या बटणावर होतं. दोन्ही कानांत एकदम तिचा आवाज आला, इतका जवळून की आई दचकली.

"आई, आतलं तू जे बोलतेस ते मला बाहेर ऐकू येतं ना, ते मी बंद केलंय, तू फिरवतेस ते बटण मी सकाळीच बघून ठेवलं होतं. म्हणजे तुला आमेन म्हणता येणार नाही." जरा थांबून, "प्रभू, मी चिमटी. सकाळचं राहिलेलं सांगते. संडे स्कूलच्या बाईंनी विचारलं, कोणाकोणाला देवाचा आवाज ऐकू येतो. सगळ्यांनी हात वर केले. मीपण केला. पण मला काही आलं नव्हतं. मी खोटं दाबलं. बाईंनी मला चमकीचा तारा दिला. तो मी चिकटवला नाही, पेन्सिलीच्या पेटीत लपवलाय. तो परत देऊ का? मला वाटलं, मी खोटं दाबलं म्हणून तू आता माझ्याशी कधीच बोलणार नाहीस. पण आई म्हणाली, ती रागावत नाही. तू रागावतोस का?" माईक चालूच होता. आईला लेकीचा श्वास ऐकू येत होता. "आणि आईशी बोलतोस का? ती घाईत असते. तिच्यासाठी जरा जोरात वाजव."

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्याच वेळी तिला हसू आलं. इतके दिवस हे एवढंसं पोर हे एवढं ओझं घेऊन बूट घालत होतं, फरशा मोजत होतं. आणि आपण? आपण किती हात वर केले, किती वर्षं, किती तारे मिळवले! तिला ओरडून सांगायचं होतं, नाही गं, तो नाही रागावत, पण आवाज बंद होता. तिची सगळी चांगली वाक्यं तिच्यापाशीच राहिली. बोलण्यासारखं काहीच हातात उरलं नाही, तेव्हा ती नुसती बसली. चिमटीचं बोट माईकवरून निघालं. श्वासही गेला. आणि त्या तसल्या शांततेत, ती कशानेच भरलेली नसताना, ते आलं. आवाज नव्हता. शब्द तर नव्हतेच. चाक दोन वेळा फिरून गप्प झालं होतं, टाचण्या ओठांत होत्या, आणि खोलीत तिसरं कुणीतरी होतं, आणि ते घाईत नव्हतं. ते कुठे गेलेलंच नव्हतं. फार बारीक होतं. आहे की वाटतंय, अशी शंका यावी इतकं बारीक. पोरीला बरं वाटावं म्हणून दाबायचं नाही, तिने स्वतःला बजावलं, या बाबतीत तर मुळीच नाही. ती थांबली, आणखी थांबली. ते होतंच. तिने बटण दाबलं.

बाहेर दिवा लागला. चिमटीने चमकून वर बघितलं. "मी काही वाजवलंच नव्हतं," माईकमधून आवाज आला.

आईने मान हलवली: माहीत आहे.

"मग तुला ऐकू आलं?"

आईने मान हलवली.

चिमटीने नाक काचेला चिकटवलं. तिचे डोळे एवढाले झाले. "माझं आलं, की त्याचं?"

आईचा अंगठा बटणावर होता. तिने लेकीच्या डोळ्यांतून डोळे काढले नाहीत आणि दोनदा दाबलं, सावकाश, एकदा तिच्यासाठी आणि मग पुन्हा एकदा. चिमटी दिव्याकडे बघत राहिली, मग आईकडे, मग दिव्याकडे. आणि मग तिच्या तोंडावर तोच आनंद आला जो चौथा खांब उठला तेव्हा आला होता. तिने यंत्रावरचं एक बटण फिरवलं आणि म्हणाली, "आता बोल. केलं चालू."

बाहेरच्या बाकावरून सुतारकाकांच्या खोकण्याचा आवाज माईकमधून येत होता. सुट्टी संपली होती. "तुझं संपलं?" तिने विचारलं.

चिमटीने विचार केला. "नाही," ती म्हणाली. "झाडाचं राहिलंय."

"मग कर," आई म्हणाली, आणि हेडफोन नीट कानांवर ओढून बसली.